एकही त्रुटी नाही

मारुतरावांचा घरून काम करण्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणापासून लपवतही नव्हते. जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या त्या कचेरीत त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. दिघीतलं घर ते कचेरी, कचेरी ते दिघीतलं घर. खुर्चीत माणूस दिसला म्हणजे काम चालू, नाही दिसला म्हणजे बंद, असा त्यांचा सरळ न्याय. आता खुर्चीत बसून तो माणूस काय दिवे लावतो, ते विचारायचं नाही. काउंटरवरचा गणराज रांग जरा कमी झाली की मोबाइलवर क्रिकेट बघायचा, पण जागेवर बसून बघायचा, म्हणून मारुतरावांच्या लेखी तो कामाचा. हेडक्लार्क झाला म्हणून माणसाला सगळंच कळतं असं थोडंच आहे!

सहा महिन्यांपूर्वी वरून पत्र आलं होतं. ऑनलाइन अर्ज तपासणाऱ्या एका कर्मचाऱ्याला प्रयोग म्हणून आठवड्यातले तीन दिवस घरून काम द्यावं, बाकीचे दिवस त्यानं कचेरीत यावं. विजयश्रीनं लगेच अर्ज केला. तिचा नवरा ज्ञानदेव चाकणच्या कंपन्यांमध्ये एकोणीस वर्षं राबलेला माणूस, सुपरवायझरपर्यंत चढलेला. वर्षापूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यायची, हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे. कचेरीच्या दिवशी शेजारची एक बाई यायची, पण तिलाही तिचा संसार होता, रोज जमणार नाही असं तिनं आधीच सांगितलेलं. माणसं मूळची लातूरकडची, मोशीत हक्काचं कोणी नाही. ही सोय मिळाली नाही तर मला नोकरी सोडावी लागेल, असं विजयश्रीनं अर्जात सरळ लिहिलं होतं.

आता प्रयोगाची मुदत संपत आली होती. कचेरीच्या प्रमुख अनिता मॅडम यांनी मारुतरावांना शुक्रवारपर्यंत अहवाल मागितला. सोय चालू ठेवायची की बंद करायची, तुम्ही लिहाल तेच मी वर पाठवीन, असं त्या म्हणाल्या. म्हणजे बाईची नोकरी एका परीनं मारुतरावांच्या पेनात येऊन बसली.

त्यांनी सहा महिन्यांचा तक्ता काढला आणि त्यांची भुवई वर गेली. गणराजनं तपासलेल्या अर्जांवर तीनशे बारा त्रुटी. विजयश्रीनं घरून तपासलेल्या अर्जांवर एकही नाही.

त्रुटी म्हणजे अर्जातली उणीव. एखादा कागद जोडायचा राहिला, सही पुसट आली, की कारकुनानं त्रुटीचा शेरा मारायचा आणि अर्ज परत पाठवायचा. मग अर्जदार कागद घेऊन पुन्हा येणार. मारुतरावांनी तरुणपणी या शेऱ्यांवरच नाव कमावलं होतं. मारुतच्या हातून मुंगी सुटायची नाही, असं जुने साहेब चारचौघांत म्हणायचे, आणि त्या एका वाक्यावर मारुतरावांनी तीस वर्षं छाती पुढे काढून घालवली होती. जो जास्त चुका पकडतो तो चांगला कारकून. मग जिच्या तक्त्यात एकही चूक नाही, तिनं अर्ज उघडूनसुद्धा पाहिले नसणार. घरी बसून नुसती बटणं दाबली असणार. चोरीच की ही, राव!

त्यांनी तिथल्या तिथे लिहून टाकलं: ‘अर्ज न तपासता मंजूर केल्याचे दिसते. सोय बंद करावी.’ पण सही करताना हात थांबला. माणूस हट्टी होता, बेइमान नव्हता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून बुधवारी दुपारी साडेबाराला, फोनबिन न करता, त्यांनी मोशीची वाट धरली. बाई झोपलेली तरी सापडेल नाहीतर टीव्हीपुढे, अशी त्यांची खात्रीच होती.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पलंगाला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि विजयश्री कानाला फोन लावून बोलत होती. मारुतराव दारात दिसताच ती दचकली, अर्धवट उठली, हातानंच त्यांना खुर्ची दाखवली. पण बोलणं तिनं तोडलं नाही.

पलीकडे भैरू नावाचा कोणी कामगार होता, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवायला बसलेला. बाळाच्या अर्जाला दवाखान्याच्या कागदाची मागची बाजू जोडायची राहिलीय, असं विजयश्री त्याला समजावत होती. कागद घरी आहे ना, मग बायकोला फोटो काढायला सांगा, मी लिंक पाठवलीय तिथं जोडा. सुट्टी टाकून येऊ नका, असं तिनं दोनदा बजावलं. दहा मिनिटांत फोटो आला. विजयश्रीनं तो मोठा करून पाहिला, तारीख पडताळली, दवाखान्याच्या नोंदीशी जुळवली आणि मगच अर्ज मंजूर केला.

पलंगावर ज्ञानदेव उशांना टेकून बसला होता. डाव्या हातात पेन, मांडीवर शंभर पानी वही. त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाला, “आता पंपाच्या कंपनीवाले. एक वाजता जेवायला सुटतेत.”

मारुतरावांनी वही मागून घेतली. वेड्यावाकड्या अक्षरात पानंच्या पानं भरली होती. कोणत्या कंपनीची जेवणाची सुट्टी किती वाजता, पहिली पाळी कधी सुटते, कुठे गेटवर फोन जमा करून घेतात आणि तिथल्या माणसाला साडेतीननंतरच गाठावं लागतं. एकोणीस वर्षांचं सगळं चाकण त्यानं डाव्या हातानं उतरवून ठेवलं होतं. बायकोनं अर्ज वाचायचा, उणीव शोधायची, अर्जदाराला मेसेज करून कंपनी आणि पाळी विचारून घ्यायची, आणि फोन कधी लावायचा ते नवऱ्यानं सांगायचं. असं त्या खोलीत सहा महिने चाललं होतं, आणि कचेरीत त्याचा कोणाला पत्ता नव्हता. मारुतराव थक्क झाले. इतक्या वर्षांत इतकं नेटकं काम त्यांनी कचेरीत पाहिलं नव्हतं.

उणीव सापडते तर मग शेरा का मारत नाही, असं त्यांनी विचारलं.

“भाऊसाहेब, शेरा मारला की त्या माणसाचा खाडा होतो,” विजयश्री म्हणाली. “इथं दहा मिनिटांत भागतंय. काउंटरच्या गर्दीत मला असं कधी जमलंच नव्हतं.”

मारुतरावांना मान वर करवेना. आपण पकडलेली एकेक चूक म्हणजे कोणाचा तरी बुडालेला दिवस, हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. विजयश्रीनं चहा दिला. अहवालासाठीच आलात ना, असं तिनं हळूच विचारलं. मारुतराव चहा गरम होता तसाच पिऊन उठले.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी जुना कागद फाडला आणि नवा अहवाल लिहिला. शुक्रवारी अनिता मॅडमनी तो सगळा वाचला. अहवाल उत्तम आहे, त्या म्हणाल्या, पण सोय देता येणार नाही. गणराजनं लेखी तक्रार दिली होती की तीन दिवस काउंटरवर तो एकटाच पडतो आणि रांग आवरत नाही. तक्रार खोटी नव्हती. नवीन माणूस मिळणार नव्हता. काउंटरला दुसरा माणूस दाखवल्याशिवाय मुदतवाढ मिळत नाही, असं वरच्या पत्रातच होतं. सोमवारपासून विजयश्रीला रोज यावं लागेल.

म्हणजे बाई राजीनामा देणार.

काउंटर म्हणजे नव्यांची जागा. दिवसभर उभ्या लोकांची बोलणी खायची, घसा कोरडा पडेपर्यंत तेच तेच सांगायचं. तिथून उठून कोपऱ्यातल्या काचेच्या टेबलापर्यंत यायला मारुतरावांना सव्वीस वर्षं लागली होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. म्हाताऱ्याला खाली बसवलं, असं सगळी कचेरी म्हणणार, दिघीत भावकी म्हणणार.

“मी बसतो,” ते म्हणाले.

मॅडमना वाटलं, ते खुर्चीत बसायची परवानगी मागताहेत. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

“खुर्चीत न्हाई, मॅडम. काउंटरला. ताईंचे तीन दिवस मी बसतो. दुसरा माणूस म्हणून माझं नाव लिहा.”

“मारुतराव, तुम्ही हेडक्लार्क आहात.”

“व्हय. म्हणून तर कोणाला विचारायची गरज न्हाई. तुम्ही फक्त ताईंना आत्ताच्या आत्ता कळवा. बुधवारपासून बाई जीव मुठीत धरून बसलीय, आणि ते माझ्यामुळं.”

मॅडमनी अहवालाखाली त्यांचं नाव लिहिलं आणि विजयश्रीला फोन लावला.