दादा धावपट्टीवर गेला तेव्हा

बुधवारी माझं दुकान बंद असतं. बाकीचे सहा दिवस मी लोकांच्या पँटी आखूड करते, झिपा बदलते, बुधवार दादाचा. सकाळी त्याला आंघोळ घालायची, बूट चढवायचे आणि निघायचं. मेट्रोनं अकरा स्टेशनं, मग एकेचाळीस नंबरची बस, आणि मालगोदामाच्या स्टॉपवर उतरून तारेच्या कुंपणाकडेनं दहा मिनिटं चालायचं. मेट्रो थेट विमानतळातही जायची, पण ती प्रवाशांसाठी. आम्हाला बाहेरूनच बघायचं असायचं.

दादा एकतीस वर्षं विमानांचा मेकॅनिक होता. लग्न केलं नाही त्यानं. माझा नवरा गेल्यावर माझ्याकडेच राहायला आला. तीन वर्षांपूर्वी त्याची आठवण उसवायला लागली. आधी घरचा पत्ता गेला, मग आईवडील वारलेत हेही गेलं. पण इंजिनाचा आवाज कानावर पडला की माणूस जागा व्हायचा. डोळे मिटून म्हणायचा, "जुनं धूड आहे. डावं इंजिन कुरकुरतंय बघ."

कुंपणाशी दोघंजण ठरलेले असायचे. एक निवृत्त पोस्टमन, हाताएवढी लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन. दुसरी दातांची डॉक्टर. ती घडीच्या शिडीवर चढून विमानांच्या शेपटीजवळचे नंबर वहीत टिपून घ्यायची. दोघंही दादाला मास्तर म्हणत.

"मास्तर, जरा माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐका," पोस्टमन म्हणायचा. "किती उड्डाणं राहिलीत?"

"सर्व्हिसिंगला टाका," दादा गंभीरपणे सांगायचा. "असं सोडता येणार नाही."

त्या बुधवारी तो बसमध्येच चुळबुळ करत होता. सारखे खिसे चाचपायचा.

"काय हवंय दादा?"

"दहाचा पाना."

"घरी आहे तो."

"घरी कसा असेल, छोटे? इंजिनात राहिलाय."

हे खरंच एकदा घडलं होतं. ड्युटी संपताना हत्यारं मोजली तर एक पाना कमी. दादा स्वतः धावत जाऊन साहेबांना सांगून आला. निघायच्या बेतात असलेलं विमान थांबवलं, माणसं उतरवली, पाना सापडला. कुणाला काही झालं नाही, पण दादाला सहा आठवडे घरी बसवलं. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. पुढे आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

मी तिथूनच माघारी फिरायला हवं होतं. पण म्हटलं, विमानं ऐकली की शांत होईल.

कुंपणाशी पोचल्यावर मी थर्मासमधून त्याला चहा दिला आणि झाकण लावायला वळले. गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरसाठी फाटक उघडं होतं.

"ताई!" डॉक्टर शिडीवरून ओरडली. "मास्तर आत गेले!"

माझा दंड धरल्याशिवाय पायरी न चढणारा माणूस गवतातून धावत होता. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरलेले. विमानाला थांबवायची ती खूण, त्यानंच मला शिकवलेली. पलीकडच्या टोकाला एक विमान धावपट्टीकडे नाक वळवत होतं. मी मागे धावले, तर फाटकावर गार्डनं मला धरलं. तेवढ्यात दोन गाड्या आल्या. तिघांनी मिळून त्याला गवतात पाडलं.

"आधी तपासा!" तो ओरडत होता. "माणसं आहेत त्यात!"

धावपट्टी अकरा मिनिटं बंद राहिली. उतरायला आलेलं एक विमान आमच्या डोक्यावरून पुन्हा वर गेलं.

दादाचं मनगट मोडलं होतं. हात झोळीत बांधून त्याला ऑफिसात आणून बसवलं. अधिकारी माझ्या पोरीच्या वयाचा.

"हे इथवर आले कसे?"

"मेट्रोनं, मग बसनं. मी आणते. दर आठवड्याला."

त्यानं ते लिहून घेतलं. उद्धट नव्हता, पाणीही दिलं. मग म्हणाला, "बाई, विमान सुटलं असतं तर?"

दादा पुढे झुकला. "सापडला का?"

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. 'हो म्हणा' अशी मी मान हलवली.

"सापडला, आजोबा."

दादा हुंदके देऊन रडला. बाबा गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं पुन्हा विचारलं, सापडला का. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी रोज सांगायची, सापडला; तासाभरानं तो परत दाराशी, बूट शोधत.

कुंपणाला पत्रे ठोकले गेले. पोस्टमनचा फोन आला. "बावीस वर्षं मी तिथे उभा राहायचो. तुम्हाला एक माणूस सांभाळता आला नाही?" मी ऐकून घेतलं. त्याचं काही चुकत नव्हतं.

दादा दोनदा घरातून निसटला. दुसऱ्या वेळी मेट्रोच्या जिन्यात सापडला, अनवाणी. मग मी सही केली. विसरणाऱ्या माणसांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक केंद्र आहे, दारांना कुलपं असलेलं. मी तेच निवडलं, कारण तिथून विमानं जात नाहीत. तिथले डॉक्टरही म्हणाले, शांतता बरी.

पाना तो महिन्याभरात विसरला. पाठोपाठ इंजिनंही विसरला आणि मग बोलणंही जवळजवळ संपलं. मी त्याला आवाजापासून लांब नेलं नसतं तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

बुधवारी अजून जाते. तिकडे दोन बस बदलाव्या लागतात. गेल्या खेपेला त्याची नखं वाढली होती, म्हणून कापायला बसले. त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. जरा वेळानं म्हणाला, "तुमचे हात गार आहेत."

एकसष्ट वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. मी हात पदराला चोळून गरम केले आणि त्याचा दुसरा हात घेतला.