सरस वितळेपर्यंत

सकाळी छापखान्यात ही गर्दी! सगळ्यांच्या नजरा कॉम्प्युटरच्या निळ्या पडद्यावर. सलग चौथ्या दिवशी तो सुरू होता होताच कोलमडला होता, आणि चारही दिवस बटण दाबणारी बाई एकच होती.

"ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा प्राण!" मालकांनी बोलावलेले मांत्रिक बाबा गरजले. "हिच्या अंगातलं भूत त्या प्राणाचा गळा धरतं. बाधा उतरेपर्यंत मशीन बंद करू नका. धरा हिला!" कालपर्यंत बाबांना साधा मोबाइल लावता येत नव्हता, पण ते असो.

धरणारा तिचा सख्खा भाऊ होता, तिथलाच बाइंडर. "धर, नाहीतर दोघंही घरी बसा," असं मालकांनी बजावलं होतं. रोजच्यासारखाच बाबांचा पट्टा तिच्या पाठीवर सपासप उतरू लागला.

"दादा, सोड ना रे!"

त्याने मान फिरवली आणि शेगडीवरच्या, पुस्तकं चिकटवायच्या सरसाच्या डब्याकडे बघत राहिला. वीस मिनिटांनी घामाघूम बाबांनी हुकूम सोडला, "आता लावा!" मशीन सुरळीत सुरू झालं. लोक बाबांच्या पायांवर कोसळले. ओढाताणीत बहिणीचं मनगट मोडलं होतं.

"उद्या तापलेली सळई," बाबा जाताना म्हणाले. "मूळच जाळतो."

भाऊ कामाला बसला. घट्ट सरस नेमका आत्ता वितळला होता. थंडीत त्याला रोज वीस मिनिटं लागत. काल मशीन सुरू झालं तेव्हाही तो असाच नुकता वितळला होता, परवाही. त्याच्या हातातला ब्रश थांबला. मार चालू असताना ते मशीनही तापतच होतं की!

दुसऱ्या दिवशी शेगडीत सळई लाल झाली. भाऊ बहिणीपुढे उभा राहिला. "आज बटण मालक दाबतील."

मालकांनी दाबलं. पडदा निळा.

"बाबा, आता मालकांना डागा."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. "मालकांना नुसता मंत्र पुरे," बाबा चाचरले आणि चिडून सळई घेऊन बहिणीवर धावले. भावाने ती मधेच पकडली. तळव्याचं कातडं चर्रकन जळालं, तरी त्याने ती सोडली नाही.

"वीस मिनिटं," तो दात आवळून म्हणाला. "मशीन चालूच राहू द्या. कुणी कुणाला हात लावायचा नाही."

सरस वितळला. त्याने मशीन पुन्हा सुरू केलं, आणि ते चाललं. लोक पट्टा हिसकावून बाबांवरच तुटून पडले, तेवढ्यात बहीण किंचाळली, "थांबा! मारून काय कळतं ते चार दिवस बघितलंत ना? मशीन उघडा!"

दुपारी मेकॅनिकने कॉम्प्युटरचा डबा उघडला. मेमरीची पट्टी खाचेत सैल बसली होती. थंडीत ती नीट टेकत नव्हती, तापली की फुगून टेकत होती. त्याने खोडरबराने तिची टोकं पुसली आणि पट्टी खट्कन दाबून बसवली. चार मिनिटांचं काम.

"बिघडलं की आधी उघडून बघावं," बहीण सगळ्यांना म्हणाली. "माणूस फोडून यंत्र दुरुस्त होत नाही."

मग ती भावाकडे वळली. तिच्या हाताला प्लास्टर होतं, त्याच्या हाताला पट्टी.

"दादा, चार दिवस सरसाकडे बघत होतास. एकदा माझ्याकडे बघितलं असतंस, तर थांबायला तेवढंही पुरलं असतं."