हरभऱ्यावर ब्रेक

पंचनाम्यात एक शब्द होता आणि एक आकडा. शब्द होता 'भरधाव'. आकडा होता अकरा मीटर. अमडापूरजवळ रस्त्यावर पसरलेल्या हरभऱ्यावरून अण्णांची मोपेड तेवढी घसरत गेली आणि मोरीच्या अलीकडे थांबली. अण्णा मात्र कठड्यावर आपटले.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रंगराव ड्रायव्हरांनी, चिखली डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवली. एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला आई दर दसऱ्याला पूजेत ठेवते. तेरावं झाल्यावर पंचनाम्याची नक्कल हाती आली, ती मी तिला वाचून दाखवली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तेवढा शब्द काढता येते काय पाह्य, पुष्पा."

मी मलकापूरला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. विज्ञान दहावीत सुटलं. पण नववीतली एक संध्याकाळ लख्ख आठवते. अण्णा जेवत होते आणि मी मोठ्याने वाचत होते, की गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट.

"हे तं पायाले माहीत हाये," अण्णा म्हणाले. "वीसवर असलं तं गाडी इथं थांबते. चाळीसवर असलं तं दुप्पट जागा नाही लागत, चौपट लागते. पार भागवतच्या दुकानात. तुह्या पुस्तकाले कोणं सांगतलं?"

मग उलटही जाता यायला हवं. गाडी किती घसरली ते कळलं, तर किती वेगात होती ते काढता येईल. मी ग्रंथालयातून पदार्थविज्ञानाचं पुस्तक मागवलं. सूत्र मांडल्यावर एक गंमत दिसली. वजन दोन्हीकडून कटून जातं. मोपेड असो की भरलेली बस, हिशेबाला फक्त एक गोष्ट लागते, रस्ता टायरला किती धरून ठेवतो ती. कोरड्या डांबराचा आकडा पुस्तकात होता. ओल्या डांबराचा, वाळूचा, बर्फाचासुद्धा होता. हरभऱ्याचा नव्हता. कोणी मोजलाच नव्हता.

हरभरा अंबूबाईचा होता. रस्त्याला लागूनच तिचं घर, मागे अर्धा एकर. एवढ्याशा पिकासाठी मळणीयंत्र कोणी आणत नाही, म्हणून ती दर फाल्गुनात पीक डांबरावर पसरते. गाड्या जातात, घाटे फुटून दाणे मोकळे होतात. अण्णांची बस आली की तिला विशेष आनंद. ते मुद्दाम पिकावरून न्यायचे, हळू आणि सरळ. पिकावर ब्रेक मारायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

एरवी ती आमच्या घरी नेहमी यायची, पण अण्णा गेल्यापासून आली नव्हती. तेराव्यालाही नाही. मी गेले तेव्हा उरलेला हरभरा अंगणात ताडपत्रीखाली तसाच पडून होता.

"मावशी, तुहा हुकाचा काटा पाह्यजे," मी म्हटलं. कापूस वेचणाऱ्या बायांचा कापूस ती त्याच काट्यावर तोलते. "अन थोडा हरभरा."

"काऊन?"

"अण्णाची गाडी कितीनं होती, ते मोजतो."

"माणूस गेला. आता काय मोजतं माय?" असं म्हणाली, पण काटा घेऊन आली.

अण्णांच्या मोपेडचा जुना टायर मी नेला होता. त्यात दगड बांधून काट्यावर लटकवला तेव्हा वीस किलो भरला. मग काट्याचा हूक अडकवून तो मोकळ्या डांबरावर ओढला. सरकायला लागल्यावर काटा चौदावर ठरला. पुस्तकातल्या आकड्याशी जुळलं. मला बरं वाटलं.

एक जीप हळू झाली. "काय मावशी, टायर बी वजनावर इकून राह्यली काय?"

"तुह्याच जीपचा हाये बे, मांगं पाह्य, पडला असंन," अंबूबाई म्हणाली. जीप हसत गेली. ती हसली नाही.

मग आम्ही हरभरा पसरला, त्या दिवशी होता तेवढाच जाड. फुटक्या घाट्यांतले दाणे टायरखाली गोट्यांसारखे फिरायला लागले. मी ओढत होते, काटा ती वाचत होती.

"सहा."

"अजून एकदा."

"सहाच. साडेपाच लिही पाह्यजे तं. तिसऱ्यानं वढलं तरी चौदा नाही व्हत, पोरी."

मी पंचनाम्याच्या नकलेच्या पाठीवरच आकडेमोड केली. वेग आला ताशी एकोणतीस किलोमीटर. पुन्हा केली. एकोणतीसच. गाव साठ-सत्तर म्हणत होतं. अण्णा आणि मोपेड मिळून एकशे चाळीस किलो, म्हणजे ऊर्जा साडेचार हजार ज्यूल. मला आकड्याचा अंदाज येईना, म्हणून उंचीत बदलून पाहिली. सव्वातीन मीटरवरून, म्हणजे घराच्या छपरावरून, पडण्याएवढी. एकोणतीसला एवढी असते, हे मला माहीत नव्हतं. अण्णांच्या पायाला असणार.

गणित सुटल्याचा आनंद झाला आणि मी मान वर केली. अंबूबाई काट्याकडे बघत होती. चौदाचे सहा तिच्या हरभऱ्याने केले होते.

"मंग चुकी कोणाची निंगाली?" तिने विचारलं.

"गणितात चुकी नाही निंगत, मावशी. वेग निंगते." मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण ते गणितातच उरलं होतं. "एकच समजत नाही. एकोणतीसनं सरळ निघून गेले असते. पिकावर ब्रेक काऊन दाबला असंन?"

तिने काटा खाली ठेवला.

"मी होती तिथं," ती म्हणाली. "खाली बसून घाटे उलथत होती. वारा होता, कानावर पदर. हारन आयकला तवा गाडी हातभरावर. मले पाह्यलं अन दाबला त्यानं ब्रेक. तशीच घसरत बाजूनं गेली." मग मोरीकडे बघत म्हणाली, "भावासारखा माणूस, उचलाले बी नाही गेली मी. पायच उचलेना. पोलिसानं इचारलं, कोणं पाह्यलं काय, तं म्हनलं, घरात होती."

मी खाली बसले. दाणे वेचायला लागले. तीही वेचायला लागली.

"तुह्या त्या हिशेबानं," तिने खाली बघतच विचारलं, "मले लागली असती तं?"

"छपरावरून पडल्यासारखं."

ती उठून उभी राहिली आणि स्वतःच्या घराच्या पत्र्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लिही. मी सांगतो तसं लिही."

"पोलीस बोलावतीन तुले. रस्त्यावर पीक टाकलं म्हणून केस बी होईन."

"होऊ दे."

पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात मी एकोणतीसचा हिशेब लिहिला आणि खाली तिचं बोलणं, तिच्याच शब्दांत. तिने सही केली. एकेक अक्षर, अगदी सावकाश. मग माझ्याबरोबर घरापर्यंत आली, पण आत आली नाही. ओट्यापाशीच उभी राहिली.

आईने अर्ज दोनदा वाचला. 'भरधाव' निघेल की नाही, ते तिने विचारलं नाही. चष्मा काढून दाराकडे पाहिलं.

"अंबू," ती म्हणाली, "तुले तं नाही न लागलं कुठं?"