कोयत्यांबरोबर धारेला गेलेली संगीन

मी एक जुनी संगीन आहे. मित्रांनो, बंदुकीच्या तोंडाला बसवतात ते लांब पातं म्हणजे संगीन. माझ्या मुठीजवळ एक मुकुट आणि त्याखाली पलटणीची अक्षरं ठोकलेली होती. ब्रह्मदेशाच्या लढाईत शिपाई ज्ञानोबांनी मला कमरेला वागवलं. पलटण सोडताना गोऱ्या साहेबाने मला त्यांनाच देऊन टाकलं.

बीडजवळच्या त्यांच्या गावात हे कुणाला पटेना. "जालन्याच्या भंगारातून उचलली असंल," असं लोक हसून म्हणत. ज्ञानोबा वाद घालत नसत. लहानग्या लेकीला, जाईला, मांडीवर घेऊन ते तिचं बोट माझ्या अक्षरांवरून फिरवत आणि पलटणीचं नाव सांगत.

बहात्तरच्या दुष्काळात मी गुरांसाठी निवडुंगाचे काटे तासले, आटलेल्या आडातला गाळ खरवडला. पुढे ज्ञानोबा गेले. जाईबाई दर हंगामाला सहकारी साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जाऊ लागल्या आणि मी आढ्याला गंजत राहिले. थोडी रुसलेच होते म्हणा.

एके वर्षी बीडहून उत्तरेश्वर नावाच्या गृहस्थांचा निरोप आला, मला बघायला येतो म्हणून. त्यांना जुन्या संगिनी जमवायचा नाद. खुणा बघून ते पलटण ओळखत. आता बापाचा शब्द खरा ठरणार, म्हणून जाईबाई हरखल्या. तोडीला निघण्याआधी घरचे कोयते लोहाराकडे धारेला जातात. पाहुणे मुलगी बघायला येणार तर तिला नटवायला नको का? त्यांनी कोयत्यांबरोबर मलाही दिलं. धारेच्या चाकावर माझा गंज गेला, मुकुट गेला, अक्षरंही गेली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

उत्तरेश्वरांनी मला उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. "मावशी, खूण इथंच असती. आता काईच राह्यलं न्हाई. कुन्या पलटणीची हाय, कसं सांगू?"

जाईबाईंचं तोंड उतरलं. सवयीने त्यांचं बोट माझ्या मुठीजवळ गेलं. तिथे सगळं गुळगुळीत लागलं.

"म्याच बापाला खोटं पाडलं," त्या म्हणाल्या. मग तेच बोट वर धरून म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाई. पन बोटाला ठावं हाय."

त्या अंगणात खाली बसल्या आणि धुळीत बोटाने आधी मुकुट काढला, मग त्याखाली एकेक इंग्रजी अक्षर.

उत्तरेश्वर उकिडवे बसले. "वडील पलटणीचं नाव काय सांगायचे?"

जाईबाईंनी सांगितलं.

"तेच लिव्हलंय तुमी," ते हळूच म्हणाले. "खरं बोलत होते ते. ही ठिवा तुमच्यापाशीच."

दुसऱ्या दिवशी जाईबाईंनी अंगण झाडलं, तेवढी जागा सोडून.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चकचकीत करण्याआधी तिच्या अंगावरून एकदा बोट फिरवून बघा. प्रत्येक वस्तूला जाईबाई भेटतातच असं नाही.