फाशाला सातवी बाजू नसते

घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळं दुरुस्त करता करता अंकमहाराज झालेला दुकानदार गादीवर बसला होता आणि पाटीवर खडूनं लिहिलेल्या अंकापुढे लोक हात जोडून उभे होते: १,४२,८५७. भक्तानं फासा टाकायचा आणि पडेल त्या आकड्यानं या अंकाला कॅल्क्युलेटरवर गुणायचं. एकाला तीन पडले, उत्तर आलं ४,२८,५७१. दुसरीला पाच, उत्तर ७,१४,२८५. तेच सहा आकडे, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात निराळी. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"अंक फिरतो, पण मोडत नाही," महाराज म्हणाला. "देहाचंही तसंच. हा अंक लिहून उशाखाली ठेवा आणि गोळ्या सोडा."

देहाचा या सहा आकड्यांशी काय संबंध, असं कोणी विचारलं नाही. विचारायला डोकं वर असावं लागतं. इथली सगळी नमस्कारात वाकलेली होती.

मागे दाराशी गणिताच्या बाई उभ्या होत्या. महाराज त्यांचा सख्खा दीर. हा खेळ त्याला त्यांनीच शिकवला होता, जेवणं झाल्यावर, मुलांच्या खेळातला फासा घेऊन, निव्वळ गंमत म्हणून. पुढे त्याची गादी मांडली गेली, तेव्हा घरात वितुष्ट नको म्हणून त्या मूग गिळून गप्प बसल्या. मग त्याचं ऐकून सासूबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली. आज सकाळी पट्टी बदलताना बाईंना अंगठा काळवंडलेला दिसला. आपण शिकवलं, वर आपणच गप्प राहिलो, ही टोचणी त्यांना काही सुचू देईना.

महाराजानं आईलाच पुढे बोलावलं आणि तिच्या हातात फासा दिला. बाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या.

"भाऊजी, फासा राहू द्या. सातानं गुणा."

"वहिनी, सात अशुभ आहे."

"अशुभ नाही, अडचणीचा आहे. फाशाला सातवी बाजू नसते, म्हणून तर मी फासा घेतला होता. हा खेळ मीच तुम्हाला शिकवला."

त्यांनी स्वतः गुणून सगळ्यांना दाखवलं: ९,९९,९९९. मग आठानं: ११,४२,८५६. खोलीत कुजबुज सुरू झाली. बाईंनी खडू घेऊन पाटीवर एकाला सातानं भागायला सुरुवात केली. बाकी एक, तीन, दोन, सहा, चार, पाच अशी फिरत पुन्हा एकावर येते, म्हणून भागाकारातही तेच सहा आकडे फिरत राहतात. तिनानं गुणलं की फेरी तिनाच्या बाकीपासून सुरू होते, इतकंच. "हे गणित सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण ते औषध नाही. घरी जा आणि गोळ्या सुरू करा." मग त्यांनी सासूबाईंच्या हातातला फासा काढून घेतला आणि त्यांना धरून खाली रिक्षापाशी आणलं.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात बाईंनी सासूबाईंचा हात धरला. "आई, माझं चुकलं."

"मला हे पटलं नव्हतं गं," सासूबाई म्हणाल्या. "पण घरात गणित शिकलेली तू. खोटं असतं तर तू बोलली असतीस, असं वाटलं."

ज्याला युक्ती कळली आहे त्यानं ती पहिल्याच दिवशी, आपल्या माणसांचं मन दुखावलं तरी, मोठ्यानं सांगावी. कारण जाणत्याचं गप्प बसणं लोक होकार म्हणूनच धरतात.