चिकननंतरचं सॉर्बे

अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळींत कुणाकडेही पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण, असलं की शरयूच्या पुरणपोळ्या हव्याच असायच्या. मग रत्नाने फ्रेंच स्वयंपाकाचा कोर्स केला आणि सगळे तिच्या आमंत्रणाची वाट बघू लागले.

त्या शनिवारी रत्ना आणि तिचा नवरा नकुल यांच्याकडे सूप झालं, मासा झाला, आणि प्रत्येकासमोर इवल्याशा वाटीत पेअरचं सॉर्बे, म्हणजे गोठवलेला फळांचा रस, आलं. फ्रेंच लोक दोन पदार्थांच्या मध्ये असं काहीतरी गार देतात, आधीची चव जिभेवरून जावी म्हणून, असं रत्नाने सांगितलं. शरयूचा नवरा अतुल एरवी जेवताना फोनमधून मान वर काढत नसे. त्याने वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाला, “असं काही मी आजवर खाल्लेलं नाही.”

शरयूच्या पोळ्यांना तो असं कधी म्हणाला नव्हता. पाणी घ्यायच्या निमित्ताने ती किचनमध्ये गेली. चिकननंतर द्यायचं कोकमाचं सॉर्बे वाट्यांत भरून ट्रे तापलेल्या ओव्हनशेजारीच राहिला होता. कडेने वितळायला लागलं होतं. फ्रीझर हाताच्या अंतरावर होता. शरयू पाणी प्यायली, ग्लास विसळला आणि बाहेर येऊन बसली.

चिकन झाल्यावर ती रिकाम्या प्लेट्स घेऊन आत गेली, तेव्हा रत्ना ट्रेसमोर उभी होती. वाट्यांत नुसतं लाल पाणी होतं.

“मघाशी तू आत आली होतीस. ट्रे दिसला नाही?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण रत्ना सरळ तिच्याकडेच बघत होती.

“दिसला होता,” शरयू म्हणाली.

रत्नाने ट्रे आपल्याकडे ओढला. मग हळू आवाजात म्हणाली, “प्रत्येक पॉटलकला तुझ्या पोळ्या संपायच्या आणि माझा डबा तसाच परत यायचा. नकुल गाडीत म्हणायचा, शरयूकडून शिकून घे जरा. हा कोर्स मी काय हौसेने केला?”

शरयूला लाज वाटली. आणि त्या लाजेतही, आपला कुणीतरी इतका हेवा करत होतं, याचं बरंही वाटलं.

रत्नाने वाट्या उंच ग्लासांत रिकाम्या केल्या, वर सोडा आणि बर्फ घातला आणि ट्रे बाहेर नेला. सगळ्यांनी पुन्हा मागून घेतलं. अतुलनेही. शरयूनेही एक घोट घेतला. फार छान झालं होतं, आणि तिच्या मनात पुन्हा हेव्याची तीच कळ उठली.