कूलरसमोरची डिस्क

मे महिन्यात अमरावतीच्या अब्दुल सत्तारांच्या स्टुडिओत सगळ्यात गार जागा माणसांच्या वाट्याला येत नसे. कूलरच्या तोंडाशी एक लाकडी स्टूल, स्टुलावर हार्ड डिस्क आणि तुषार उडू नयेत म्हणून तिच्यावर घडी घातलेला रुमाल. लग्नाचं शूटिंग गिऱ्हाइकाच्या डिस्कवर उतरायचं ते इथंच. गेल्या उन्हाळ्यात एक डिस्क तापून मेली, तिच्यासोबत वरूडचं एक अख्खं लग्न गेलं, आणि सत्तारांना नवरीच्या बापासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. तेव्हापासून ते दर दहा मिनिटांनी उठून, लेकराचा ताप बघावा तसा डिस्कला पालथा हात लावून बघत. कम्प्युटर भिंतीपाशी, कूलर खिडकीत; म्हणून यंदा त्यांनी बाजारातून चांगली लांबलचक यूएसबी वायर आणली होती.

त्यांची लेक इफ्फत तिथंच एडिटिंग करायची. हिवाळ्यात तिनं हट्टानं कम्प्युटरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकलं. तेव्हापासून स्टुडिओत काहीही बिघडो, अगदी पंखा कुरकुरला तरी खापर लिनक्सवर फुटायचं.

त्या दुपारी कमलाकांत वकील खुर्चीत घाम पुसत बसले होते. लेक अनुपमाच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्यांना नव्या डिस्कवर हवं होतं. ती संध्याकाळी अकोल्याहून रेल्वेनं सासरी निघणार होती आणि डिस्क तिच्या हातात पडायची तर वकिलांना तासाभरात अमरावती सोडणं भाग होतं. कम्प्युटर मात्र दाखवत होता, अजून पावणेदोन तास.

घरात उर्दू आणि दुकानात वऱ्हाडी, हा सत्तारांचा कायदा. ते इफ्फतला म्हणाले, "शालिकरामले उद्याचं सांगून ठेवलं. तासाभरात नाही झालं, त तुहं लिनक्स काढून पहिलेचं टाकतो. मंग रडू नको."

शालिकराम हा अकोल्याचा कम्प्युटरवाला, आणि बोलावलं की तो खरंच यायचा. सहा महिने खपून इफ्फतनं त्या मशीनवर एकेक गोष्ट बसवली होती. तिनं आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि शोधायला बसली. चुकांच्या नोंदी कोऱ्या होत्या, डिस्क ठणठणीत होती, मशीन तर निवांत बसून होतं. मग तिनं जोडलेल्या वस्तूंचा वेग दाखवणारी आज्ञा दिली. डिस्कच्या ओळीत पाच हजार असायला हवं होतं, तिथं चारशे ऐंशी होतं.

तिची नजर वायरीवरून सरकत सरकत स्टुलापर्यंत गेली. अब्बांची लांबलचक वायर जुन्या पद्धतीची होती. डिस्क कितीही पळणारी असो, या वायरीतून ती बैलगाडीच्याच चालीनं जाणार.

आता हे सांगायचं कसं? वकिलांसमोर बापाला तोंडघशी पाडायचं तिच्या जिवावर आलं. आणि डिस्क कूलरपुढून हलवू का, असं नुसतं विचारलं तरी वरूडचं लग्न पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं. तेवढ्यात कूलर कोरडा वाजायला लागला आणि सत्तार बादली घेऊन मागे नळावर गेले. वकील फोनमध्ये डोकं घालून होते.

इफ्फत उठली. कॉपी थांबवली, वकिलांची डिस्क काढून तिच्याच आखूड वायरीनं कम्प्युटरला थेट जोडली आणि मॉनिटरमागे दडवली. खणातली एक रिकामी डिस्क रुमालाखाली ठेवून लांब वायर तिला खोचली. वायरीचं दुसरं टोक टेबलाखाली मोकळंच लोंबत राहिलं.

सत्तार आले. त्यांनी कूलरमध्ये पाणी ओतलं, रुमालाखाली हात घातला, हात पँटला पुसला आणि स्क्रीनकडे पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं.

डिस्कला गारवाच कमी पडत होता, असं त्यांनी वकिलांना समजावून सांगितलं. आता टाकी भरली, आता पाहा. वकिलांनी मान डोलावली. इफ्फतनं हसू दाबायला ओढणीचं टोक दातात धरलं. काम झाल्यावर डिस्क ओढणीत लपवून ती स्टुलापाशी गेली आणि जणू रुमालाखालूनच काढल्यासारखी तिनं ती वकिलांच्या हाती दिली. वकील वेळेत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तार पिशवी घेऊन आले. पिशवीत आणखी दोन लांबलचक वायरी होत्या, एक दुसऱ्या कम्प्युटरसाठी आणि एक लॅपटॉपसाठी. इफ्फतनं कपाळाला हात लावला. आता गप्प राहिलं तर सगळा स्टुडिओच बैलगाडीवर बसणार होता. तिनं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. वायर, रिकामी डिस्क, ओढणी, सगळं.

सत्तारांनी वायरी पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या.

"चालू डिस्क हाताले कोमट लागते," ते म्हणाले. "कालची त बर्फावानी थंड होती, अन् वायरीचं टोक टेबलाखाली लोंबत होतं."

"म्हंजे तुमाले कालच समजलं? मंग बोलले काहून नाही?"

"वकीलसाहेबासमोर तू खोटी पडली असती." मग डोकं खाजवून ते हळूच म्हणाले, "अन् वायर मी आनली होती, हे बी निघालं असतं."

या दोन वायरी त्यांनी दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणल्या होत्या, पोरगी कबूल होते की नाही ते बघायला. इफ्फतला राग आला, हसूही आलं. पण लिनक्सची धास्ती अजून गेली नव्हती. तिनं विचारलं, शालिकराम किती वाजता येणार?

"त्याले कालच फोन केला, येऊ नको म्हनून," वायरी पिशवीत भरत सत्तार म्हणाले. "म्हनलं, आमच्या पोरीले तुह्यापेक्षा जास्त समजते."